लेसिएली आत्याची दाढ

बाबा गेले त्या आठवड्यात लेसिएली आत्याचा डावा गाल सुजलेला होता. भेटायला येणाऱ्यांना वाटलं, बाई रडून रडून सुजली. खरं म्हणजे आत्या रडलीच नव्हती. तिची दाढ दुखत होती. हे तिला ठाऊक होतं आणि माझ्या आईला. आईला तिने सांगितलं नव्हतं. पण आत्या शिजवलेलं कोनफळ न चावता गिळतेय हे आईने पहिल्याच दिवशी पाहिलं. तीस वर्षं भावजय म्हणून काढल्यावर नणंदेच्या ताटाकडे लक्ष ठेवायची सवय जात नाही.

आमच्या बेटांवर आत्याचा मान बापापेक्षा मोठा. ती घरात आली की बाबा मागच्या दाराने बाहेर पडायचे. रागाने नव्हे, मानाने. वयात आल्यावर भाऊ-बहीण एका खोलीत बसत नाहीत, एकमेकांसमोर थट्टामस्करी करत नाहीत. आत्याला हवं ते द्यायचं, ती बोलेल ते ऐकायचं आणि तिच्या डोक्याला आम्ही भाच्यांनी कधी हात लावायचा नाही. मी सात वर्षांची असताना तिच्या केसांवर बसलेली माशी हाकलायला हात पुढे केला होता. केसांना बोट लागलंही नव्हतं. आईने मला अंगणात नेऊन जो धपाटा घातला तो अजून आठवतो. आत्या आतून आईला म्हणाली होती, "पुरे पिसिला, पोरीला कळलं."

तर बाबांच्या मयताला डोक्याशी बसायचा मान आत्याचा होता. तिला मूलबाळ नाही, नवरा न्यूझीलंडला गेला तो तिकडचाच झाला. आमच्या गावाच्या, फेलेमेआच्या, दुसऱ्या टोकाला ती एकटी राहते. खबर कळल्यावर ती आली, सुतकाची बारीक विणीची छोटी चटई कमरेला बांधून बाबांच्या डोक्याशी बसली आणि हलली नाही. लोक झाडाच्या सालीपासून केलेल्या कापडाचे गठ्ठे, केवड्याच्या चटया घेऊन यायचे, तिच्यासमोर ठेवायचे, ती मान हलवायची. बोलत नव्हती. सगळे म्हणाले, केवढा धीर बाईचा.

आई होती चुलीकडे. आम्ही मयताच्या घरचे लहान लोक. आमच्या कमरेला मोठ्या, फाटक्या, काखेपर्यंत येणाऱ्या चटया. कोण थोर आणि कोण लहान ते चटईवरूनच दिसतं. आईला बाबांच्या पायाशी बसायची मुभा होती, पण रांधायला हात कमी पडत होते. तिचे दोन्ही भाऊ ऑकलंडला, बहीण आजारी. जमिनीतली चूल दिवसातून दोनदा पेटायची. डुकरं, अळूचे कंद, नीरफणस, अळूच्या पानांत बांधलेलं मांस. आई दगड तापवायची, उपसायची, पुन्हा रचायची. धुराने तिचे डोळे लाल झाले होते आणि तिलाही लोक म्हणत होते, रडून रडून.

दहाव्या दिवशी आत्याने माझे केस कापले. तो मानही तिचाच. शिवणाची कात्री होती. माझ्या मानेला तिच्या बोटांचा चटका बसला.

"आत्या, तुम्हाला ताप आहे," मी म्हटलं.

"मान सरळ ठेव."

केस कापून झाले, दहा दिवसांचे निर्बंध सुटले, सुतकाची चटई तेवढी राहिली, पाहुणे गेले. आई रिकाम्या मांडवात एका खोक्यावर बसली. हातातली परात खाली ठेवायचंही तिला सुचत नव्हतं. आत्या पायरीवर आली आणि खांबाला धरून उभी राहिली. गाल आता डोळ्याखालपर्यंत चढला होता, कातडी ताणून चकचकीत झाली होती.

आई तिच्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "वन्सं, उद्या पांगाईच्या दवाखान्यात जायचं."

"जाईल आपोआप."

"दहा दिवसांत गेली का?"

आईने तिला उलट विचारल्याचं मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. पण दोघीही इतक्या दमल्या होत्या की ते दोघींच्याही लक्षात आलं नसावं.

सकाळी आम्ही इसिलेलीच्या होडीतून निघालो. मी शाळेत शिकवते, एक दिवसाची रजा घेतली होती. इसिलेली एरवी बडबड्या माणूस; इंजिनच्या आवाजावर आवाज काढून सगळ्या बेटाच्या बातम्या सांगणारा. त्या दिवशी त्याने आत्याच्या गालाकडे एकदा पाहिलं आणि गप्प झाला. लाट आली की होडी आपटायची आणि आत्या डोळे मिटून घ्यायची. आई तिच्या शेजारी बसल्या बसल्या झोपली. बसून, ताठ, हातात पिशवी घट्ट धरून. पांगाईचा धक्का आला तेव्हा मी तिला हलवलं तर ती म्हणाली, "दगड तापले का?"

दवाखान्यात दातांची खोली मागच्या बाजूला आहे. बाहेर बाकावर आमच्या आधी पाच जण होते. आमचा नंबर आला तेव्हा आतून एक तरुण डॉक्टर बाहेर डोकावला. दाट भुवया, तोंडाला मास्क, पायात रबरी चपला. परदेशात, सुव्याला शिकून वर्षभरापूर्वी आला होता म्हणे.

आत्या खुर्चीत बसायला गेली तर कमरेची चटई आडवी आली. केवडा कडक असतो, मागे टेकता येईना.

"आजी, ती सोडून ठेवा," डॉक्टर म्हणाला.

"सुतक आहे."

"मग अर्धवट बसून कसं होईल?"

आत्याने थोडा वेळ विचार केला, चटई सोडली आणि आईच्या हातात दिली. आईने ती घडी न घालता दोन्ही हातांवर आडवी धरली, तान्हं मूल धरतात तशी. मी दाराशी उभी होते.

डॉक्टरने दिवा ओढला, आरसा हातात घेतला. "नाव?"

"लेसिएली. फेलेमेआची." आत्याला तोंड बोटभरच उघडता येत होतं, शब्द अर्धे आत राहत होते. पण कुठेही गेली तरी ती विचारतेच, तसं तिने विचारलं, "आणि तू कोणाचा?"

"मी फिलिमोने. फोआच्या इनोकेचा नातू."

"इनोके म्हणजे, ज्याचा एक पाय आखूड होता तो?"

"हो, तेच."

"तो माझ्या बापाचा चुलतभाऊ."

फिलिमोनेचा हात आत्याच्या गालापासून वीतभर अंतरावर होता. तिथेच थांबला. त्याचा बाप आणि माझे बाबा म्हणजे आमच्या हिशेबाने भाऊच. म्हणजे खुर्चीतली बाई त्याचीही आत्या. त्याने आरसा ट्रेमध्ये ठेवला, मास्क काढला, हातमोजे काढले आणि खुर्चीच्या पायाशी फरशीवर मांडी घालून बसला. मान खाली.

"आत्या, माफ करा. मला ठाऊक नव्हतं."

"आता ठाऊक झालं." आत्या खुर्चीतून उठायला लागली. "दुसरं कोणी नाही का इथे?"

"दुसऱ्या बाई राजधानीला, नुकुआलोफाला गेल्यात. पुढच्या आठवड्यात येतील."

"मग पुढच्या आठवड्यात येते."

"आत्या, मी तुम्हाला हुकूम करत नाही," तो फरशीकडे बघतच म्हणाला. "पण ही सूज गळ्याकडे उतरली तर श्वास अडतो. पुढचा आठवडा फार लांब आहे."

आत्या आमच्याजवळून बाहेर गेली आणि आवारातल्या आंब्याखाली जाऊन बसली. चटई न बांधता. सुतकात बाई अशी उघड्यावर बसलेली मी पाहिली नव्हती. लोक बघत होते.

मी आईकडे पाहिलं. मला वाटलं, ती आत्याच्या मागे जाईल, नेहमीसारखी बाजूला उभी राहील, काय हवं नको बघेल. आई आंब्यापर्यंत गेली, पण उभी राहिली नाही. आत्याच्या समोर जमिनीवर बसली. चटई मांडीवर घेतली.

"वन्सं, मी दहा दिवस चूल फुंकलीय," ती म्हणाली. आवाज चढा नव्हता. उलट इतका सपाट होता की मला भीती वाटली. "माझ्या अंगात आता काही उरलेलं नाही. तुमच्या डोक्याशी कोण बसणार, कोण नाही, ते मला ठाऊक नाही. पण रांधायला मीच असणार. मला आणखी एक मयत रांधायचं नाही."

आत्याने तिच्याकडे पाहिलं. उजवा डोळा उघडा, डावा सुजेत बुडालेला.

"पोरगा माझ्या डोक्याला हात लावेल, पिसिला."

"लावू दे."

"उद्या याला काही झालं, हात वाळला, तर दोष कोणाचा?"

"हातमोजे घालतो तो."

मला हसू फुटलं आणि मी ते दाबलं. आत्याच्या तोंडाचा उजवा कोपरा हलला. हसली का दुखलं, कळलं नाही. बाकावरचे लोक आपला नंबर अडला म्हणून चुळबुळत होते. शेवटी ती आईचा खांदा धरून उठली.

फिलिमोने अजून फरशीवरच होता. आत्या खुर्चीत बसली, पाय वर घेतले आणि छताकडे बघत म्हणाली, "इनोकेच्या नातवा, ऊठ. मी सांगतेय म्हणून कर. मी सांगितलंय हे या दोघी ऐकतायत. तुझ्या अंगावर काही नाही."

"आत्या, मला तुमच्या डोक्याला हात लावावा लागेल."

"मग काय, पायाच्या अंगठ्यातून काढणार होतास?"

तो उठला. हात पुन्हा धुतले, फार वेळ धुतले. सुई टोचताना त्याने तिच्या हनुवटीला फक्त दोन बोटं लावली. पण दाढ काढताना तसं भागत नाही. डोकं हलायला लागलं. त्याने इकडेतिकडे पाहिलं. मदतीची नर्स दुसऱ्या खोलीत कोणाला तरी टाके घालत होती. मी भाची, मला मनाई.

"मी धरते," आई म्हणाली. चटई माझ्या हातात देऊन ती खुर्चीमागे गेली आणि तिने आत्याचं डोकं दोन्ही तळव्यांत धरलं. तिचे हात भाजलेले होते, दगडांनी नखं काळी झालेली.

खालची डावी, मागून दुसरी दाढ. वरचा भाग कुजून पोकळ झालेला होता, पहिल्याच ओढीला तुटला. मुळं आत राहिली. फिलिमोनेच्या कपाळावर घाम आला. तो प्रत्येक वेळी अवजार बदलताना पुटपुटत होता, "माफ करा, आत्या. आता जोर लागेल. माफ करा." आत्याचे हात खुर्चीला घट्ट होते. सगळ्याला अर्धा तास लागला असेल. एक मूळ आलं, मग पू आला, त्याचा वास खोलीभर झाला, आणि मग दुसरं मूळ आलं, वाकडं, आकड्यासारखं.

"झालं," तो म्हणाला आणि स्टुलावर बसला. आमच्यातला सगळ्यात दमलेला तोच दिसत होता.

आत्याने कापसाच्या बोळ्यावर दात दाबून धरले. फिलिमोनेने सूचना सांगितल्या, पण तिच्याकडे बघून नाही, आईकडे बघून. आज चूळ भरायची नाही, थुंकायचं नाही. उद्यापासून कोमट मिठाचं पाणी, हळू. गरम काही नाही. गोळ्या सात दिवस, मध्येच सोडायच्या नाहीत. "आणि विडी ओढायची नाही. अजिबात. जखमेत रक्ताची गुठळी धरते, ती निघाली की आतलं हाड उघडं पडतं. मग आत्ता दुखतंय ते काहीच नाही असं वाटेल."

आत्याने हाताने 'कळलं, कळलं' केलं.

आम्ही तिला तिच्या घरी नेलं नाही. आईने होडीतून उतरल्यावर सरळ आमच्या घराची वाट धरली आणि आत्या मागून आली. बाहेरच्या खोलीत, जिथे बाबांना ठेवलं होतं तिथेच, आईने चटई अंथरली. दुसरी जागा नव्हती. आतली खोली अजून मयताला आलेल्या कापडाच्या गठ्ठ्यांनी भरलेली होती. ते सगळं आत्याचंच होतं, वाटून टाकायचं बाकी होतं. त्याला हात लावायचं त्राण कोणात नव्हतं.

पहिला दिवस बरा गेला. सूज उतरायला लागली. आईने पिकलेली केळी नारळाच्या दुधात शिजवून, गार करून, चमच्याने ढवळून पेज केली. आत्या चमचाभर घेई आणि तोंडात धरून बसे. तिला बोलता येत नव्हतं, आणि त्यामुळे घर ओळखू येईना. ती आली की घरात सूचनांचा पाऊस असायचा: पडदा असा का, डुकराला बांधलं का नाही, लोसे, म्हणजे मी, अजून बिनलग्नाची का. आता नुसती मान हलवायची. आईला त्या शांततेत काय करावं कळत नव्हतं. ती उगाच उठून भांडी घासायची, घासलेलीच पुन्हा घासायची.

तिसऱ्या दिवशी मी शाळेतून आले तर आत्या भिंतीला डोकं टेकून बसलेली, दोन्ही हात गालावर, आणि डोळ्यांतून पाणी वाहतंय. आई तिच्यासमोर उकिडवी बसून विचारत होती, "कधी? वन्सं, कधी ओढली?"

"एकच," आत्या म्हणाली.

"कुठे?"

"मागे. केळीखाली. तू विहिरीवर गेलीस तेव्हा."

आईने कपाळावर हात मारून घेतला तोही हळू, कारण जोरात मारायला शक्ती लागते.

मी फिलिमोनेला फोन केला. "ओढली ना?" त्याने पहिलं हेच विचारलं. म्हणाला, घेऊन या, आत औषधाची पट्टी भरावी लागेल. पण वारा सुटला होता. आग्नेयेकडून असा वारा लागला की चार-चार दिवस होड्या निघत नाहीत. इसिलेलीने किनाऱ्यावर उभं राहून समुद्राकडे बोट केलं आणि म्हणाला, "तूच बघ बाई. आत्याला दाढेसाठी नेताना तिघींना बुडवलं तर मला गावात तोंड दाखवता येणार नाही."

मग ते चार दिवस. मिठाचं पाणी, गोळ्या, पुन्हा मिठाचं पाणी. दुखणं दाढेच्या जागेतून कानात आणि कानातून डोक्यात जात होतं. आई कोमट पाण्यात फडकं पिळून गालावर धरायची. फडकं गार झालं की पुन्हा. मी म्हटलं, मला दे, तू पड जरा. आईने माझ्याकडे पाहिलं आणि मी हात मागे घेतला. तेव्हा आत्या डोळे मिटूनच म्हणाली, "धरू दे तिला."

"वन्सं..."

"फोआच्या पोराने अर्धा तास हात लावला. हिने धरलं तर आभाळ कोसळणार नाही. तू झोप. तुझ्याकडे बघून मला जास्त दुखतं."

आई तिथेच आडवी झाली. मी फडकं पिळलं आणि आत्याच्या गालावर ठेवलं. त्वचा गरम आणि मऊ होती, एखाद्या म्हाताऱ्या बाईची असते तशी. आत्याला मी तोवर म्हातारी समजले नव्हते.

आई झोपली नाही. मला वाटलं झोपली. थोड्या वेळाने आत्या बोलायला लागली, सावकाश, तोंड फारसं न उघडता.

"पिसिला, जागी आहेस?"

"हूं."

"मी दहा वर्षांची होते तेव्हापासून विलिसोनी आणि मी एका खोलीत बसलो नाही. तो मला खिडकीतून दिसायचा. पाठमोरा. शेतावर जाताना. त्याला टक्कल पडायला लागलं हे मला तुझ्याकडून कळलं."

आई तिच्याकडे कुशीवर वळली.

"आणि शेवटी बसले त्याच्याजवळ. एवढे दिवस, एवढ्या जवळ. त्याच्या कपाळावर इथे वण होता, तो कसला होता?"

"होडीचा. इंजिन ओढताना लागलं होतं. लोसे लहान होती."

"तो वण मी पाहिला आणि माझ्या मनात आलं, केव्हा एकदा हे उरकतंय आणि दाढ निघतेय. सगळा वेळ तेच. लोक म्हणत होते, धीराची बाई. मी फक्त दाढेचा विचार करत होते."

वाऱ्याने पत्रा वाजत होता. मी फडकं बदललं.

"मी कोनफळांचा," आई म्हणाली.

"काय?"

"मी कोनफळांचा विचार करत होते. पुरतील का नाही. ते त्याला उचलायला आले तेव्हा मला बोलावलं, मी आले, आणि मनात हेच की दुसरी चूल उघडायची वेळ झालीय. तोंड नीट बघायचं राहिलं."

मला उठून जावंसं वाटलं, पण हात गालावर होता. आत्याने डोळे उघडले, छताकडे पाहिलं. "त्याला राग येणार नाही," ती म्हणाली. "त्याला कधी राग यायचाच नाही. शेंबडा होता लहानपणी, मार खाऊनही हसायचा."

आईच्या तोंडातून कसलातरी आवाज आला. ती हसत होती. मग ते हसणं वाढलं, मग बदललं, आणि ती उशीत तोंड खुपसून रडायला लागली, पहिल्यांदाच. आत्याने हात लांब करून तिच्या पाठीवर ठेवला. थोपटलं वगैरे नाही. नुसता ठेवला. मग म्हणाली, "हळू रड, माझ्या कानात ठणका लागतो," आणि आई रडता रडताच म्हणाली, "वन्सं, तुम्ही आता गप्प बसा."

दुसऱ्या दिवशी रविवार होता. आमच्या गावात रविवारी पोहणं नाही, शेत नाही, दुकान नाही; देवळात प्रार्थनेला न जाणं तर नाहीच. आत्या गेली चाळीस वर्षं पहिल्या बाकावर बसत आली आहे. पहिली घंटा झाली. मी काळे कपडे घालून, चटई बांधून बाहेरच्या खोलीत आले. दोघी झोपलेल्या होत्या. आत्या उजव्या कुशीवर, फडकं गालाखाली घसरलेलं. आई तिच्याकडे पाठ करून, तोंड उघडं, घोरत होती. पहाटे कधीतरी दुखणं ओसरलं असावं. दुसरी घंटा झाली. मी आईच्या खांद्याला हात लावायला वाकले आणि तशीच सरळ झाले.

देवळातून सुटल्यावर पाद्रीणबाई आल्या. हातात अळूच्या पानांच्या पुड्यांची टोपली. दारातूनच म्हणाल्या, "काय गं लोसे, कोणी दिसलं नाही? तूसुद्धा नाहीस?"

"झोपल्यात."

"लेसिएलीबाई?"

"दोघी."

"बऱ्या आहेत ना?"

"बऱ्या आहेत. नुसत्या झोपल्यात."

त्या वाकून आत बघायला लागल्या. मी दाराच्या मधोमध उभी राहिले. एरवी पाद्रीणबाईंना मी अडवलं नसतं. त्यांनी टोपली माझ्या हातात दिली आणि हळू आवाजात म्हणाल्या, "माझी आई गेली तेव्हा मला पण झोपायचं होतं गं. कोणी झोपूच दिलं नाही." चप्पल हातात घेऊन, वाळूत पावलांचा आवाज न करता गेल्या.

दोघी दुपारी चारला उठल्या. आत्याने घड्याळाकडे पाहिलं. मग म्हणाली, "देऊळ?"

"झालं," मी म्हटलं.

"बरं," आत्या म्हणाली. "खायला काय आहे?"

मंगळवारी वारा पडला. पांगाईला फिलिमोनेने जखम धुतली, औषधात भिजवलेली पट्टी आत भरली. या वेळीही आधी फरशीवर बसला, पण थोडाच वेळ. आत्याच म्हणाली, "ऊठ रे, गुडघे दुखतील." तो म्हणाला, "वरच्या दोन दाढाही हलतायत, आत्या. काढाव्या लागतील." आत्या म्हणाली, "एक एक करून. डोकं धरायला एवढी माणसं कुठून आणू?" जाताना तिने त्याला विचारलं, लग्न झालंय का, नाही म्हटल्यावर माझ्याकडे पाहिलं आणि मग तिलाच आठवलं की आम्ही भाऊ-बहीण लागतो. "श्शी," असं म्हणून निघाली. बोलता येऊ लागल्याची ती खूण होती.

जखम भरायला तीन आठवडे गेले. त्या तीन आठवड्यांत आत्याने कापडाचे गठ्ठे उघडले, वाटले, आणि वाटताना आईवर ओरडली, कारण आई घड्या उलट्या घालत होती. आई नेहमीसारखी खालमानेने ऐकत होती. एका सकाळी आत्या आपली पिशवी घेऊन घरी गेली. निरोप वगैरे घेतला नाही, तिने घ्यायचाही नसतो.

याला आता सहा वर्षं झाली. वरच्या दोन दाढाही निघाल्या; दोन्ही वेळा डोकं आईनेच धरलं. गावात लग्न असो, मयत असो, आत्या मानाच्या जागी बसते आणि आई चुलीकडे जाते. बाहेरच्या माणसाला विचारलं तर तो म्हणेल, काही बदललेलं नाही. आई तिला वन्सं म्हणते, ती आईला नावाने हाक मारते, आणि ती हाक अजूनही हुकमासारखीच लागते. फक्त गुरुवारी दुपारी आत्या आमच्याकडे येते. काही काम नसतं. जेवण झालं की दोघी बाहेरच्या खोलीत आडव्या होतात. मी शाळेतून येते तेव्हा त्या तशाच असतात, आणि मी मागच्या दाराने आत जाते.